सहावा ट्रॅक

माशाच्या तेलाची टाकी रिकामी होऊन चाळीस वर्षं झाली,
तरी आत शिरलं की आधी जिभेला कळतं,
मग नाकाला,
कानाला सगळ्यात शेवटी.

बेर्गस्टेननं ड्रमवर एकच टोला हाणला
आणि काठी मांडीवर ठेवून मोजत बसला.
"चौदा सेकंद," तो म्हणाला.
त्याचं म्हणणंही मग चौदा सेकंद टाकीत फिरत राहिलं,
वाट चुकलेल्या मेंढीसारखं.

मी बाहेर, लोकर कातरायच्या शेडमध्ये.
गुडघ्यांवर ब्लँकेट, समोर मिक्सर,
वीज क्येटिलच्या आईच्या घरातून, लांबच लांब वायरनं.
खिडकीत नोव्हेंबरचा उजेड: अकराला आला,
साडेतीनला बूट चढवून निघालाही.
नऊ दिवस, सहा ट्रॅक, सगळ्यात छोटा नऊ मिनिटांचा.
शब्द जवळजवळ नाहीतच.
क्येटिल माइकमध्ये काय ओरडतो, ते त्याच्या आईला विचारलं.
ती म्हणाली, लहानपणापासून असाच,
कळत नाही, पण खरं असतं.

पाचव्या दिवशी हालवार्दुरनं गिटार पेटीत ठेवली.
भांडण नाही, काही नाही.
खिशातून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर उलगडला:
आकुरेरीच्या डॉक्टरांनी काढलेली त्याच्या ऐकण्याची रेघ,
चालत चालत येते, आणि उजवीकडे एकदम कडा.
कड्याखाली कोरा कागद.
वर कानात एक खालचा सूर, रात्रंदिवस,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.
वाळवलेल्या माशाला लोणी लावता लावता म्हणाला,
"आता बास."
आणि बर्फाआधी खिंड ओलांडायला हवी म्हणून
अर्धी कॉफी टाकून निघाला.

सहावा ट्रॅक त्याच्याविना.
त्याची जागा भरायची नाही असं ठरलं,
म्हणजे कुणी ठरवलं नाही, कुणी भरली नाही.
बास येतो, थोडा सरकून बसतो.
ड्रम दारापर्यंत जाऊन बघून येतात.
अकराव्या मिनिटाला सगळेच थांबतात,
जिथे तो यायचा, एकटा, सावकाश,
डोंगर खांद्यावर घेतल्यासारखा.
तिथे काही नाही.

असं आम्हाला वाटलं.

रेक्याविकला परतल्यावर, एका रात्री, हेडफोनमध्ये
मला सापडलं: टाकीच्या भिंतीला टेकलेला
त्याचा अँप्लिफायर चालूच राहिला होता.
बटण बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.
खर्जातला एकच सूर, बारीक,
कुणी न सांगता धरून बसलेला.
तो पुसणं सोपं. दोन मिनिटांचं काम,
तेच तर चार वर्षं शिकले मी.
कर्सर त्याच्यावर ठेवला.
कॉफी करून आणली. गार होऊ दिली.
कर्सर काढला.

अल्बम निघाला. तीनशे प्रती, कव्हरवर टाकीचा गंज.
बर्लिनच्या कुणी लिहिलं, शेवटची शांतता फार धाडसी आहे.
बेर्गस्टेनला हसता हसता ठसका लागला.

मार्चमध्ये हालवार्दुरचा फोन.
तो आता ट्रकमधून मासे नेतो, पूर्वेकडून दक्षिणेला.
कुठल्याशा पेट्रोलपंपावर उभा होता.
"सहावा ऐकला," म्हणाला. "इंजिन बंद करून."
मग बराच वेळ नुसता वारा.
"माझा अँप चालू राहिला होता ना?"
"हो."
"विजेचं बिल कुणी भरलं?"
"क्येटिलच्या आईनं."
पुन्हा वारा.
"एक सांग, ईसगेर्दुर. तो सूर नेमका कुठे संपतो?
सीडी थांबली, बाहेर काढली, हातात धरली,
तरी मला..."

मी वेळ सांगितली. एकोणीस मिनिटं, आठ सेकंद.
त्यानं ती कशावर तरी लिहून घेतली,
पेन घासल्याचा आवाज आला.
बहुतेक त्याच कागदावर,
कड्याच्या खाली.